वाट्याले आलेले बूट

बूट आले तेव्हा आमच्या घरचं कोणीच तांड्यात नव्हतं. पावसानं लय दिवस धरून ठेवलं होतं, मंग उघडला, अन् उघडला तसा सगळा तांडा निंदणाले लागला. कापसाची पऱ्हाटी टोंगळ्याएवढी झालती अन् गवत तिच्याहून वर. बा बैलं जुंपून गवत काढायचा डवरा हाकत होता. याडी, माही माय, अन् बहीण वर्षा तासात, पऱ्हाटीच्या ओळीत, बसून गवत उपटत होत्या. मी उपटलेल्या गवताचे भारे वावराबाहेर नेऊन टाकत होतो. वावर असं ओलं का पाय उचलला का अर्धा किलो चिखल संगं येते.

भारे मी नाल्याच्या अंगाले टाकत होतो. दुसऱ्या अंगाले धुरा, मंजे वावराचा बांध, जवळ होता, पण तिकडे जायचं नाही असं बाचं सांगणं होतं. धुऱ्याच्या पलीकडे भावसिंगचं वावर. मागच्या उन्हाळ्यात वखरताना त्यानं धुरा सरकवला असं आमचं म्हणणं, अन् बानं सरकवला असं त्याचं म्हणणं. मधात दोन तासं पऱ्हाटी उभी होती. पेरली कोणं त्यावर बी भांडण. आता ती ना आम्ही निंदत होतो ना ते. गवत इतकं माजलं होतं का पऱ्हाटी आत शोधा लागत होती. तेव्हापासून दोन्ही घरायचं बोलणं बंद. भावसिंगची बायको बिजलीबाई नळावर असली का याडी रिकामी घागर घेऊन माघारी येत होती.

वावरात उभं राह्यलं का विमानाच्या पट्टीचं कुंपण दिसते. पयले तिथं तांड्याचं कुरण होतं. पट्टी झाली, तारेचं कुंपण आलं, ढोरं फिरून दुसरीकडे जायले लागली. लोक दोन वर्षं शिव्या देत होते. मंग पट्टीच्या कंपनीनं काही ना काही द्यायले सुरवात केली. स्वतः नाही देत, दारव्ह्याची एक संस्था आहे, प्रभावतीताईची, तिच्या हातानं देते. एकट्या बुढ्याबुढ्यायले रोज दुपारी डबा. डब्याच्या गाडीवर विमान काढलं आहे म्हणून सगळे त्याले विमानाचा डबा म्हणते. तांड्याचा मुखिया, नायक, त्याची बुढी माय, जिले डोळ्यानं दिसत नाही, तिले तर खरंच वाटे का डबा वरून येते. एक अभ्यासिका काढली, पंखे लावले. व्हॉलीबॉलचे सामने घेतले. कुंपणाच्या आतलं गवत कापायचं काम बचत गटाच्या बायायले देलं. शिव्या कमी झाल्या. बंद नाही झाल्या.

यंदा प्रभावतीताईनं सांगतलं का कंपनी आजूबाजूच्या गावातले पोरं-पोरी घेऊन आग विझवायचं शिक्षण देणार आहे. सहा महिने तिथंच राहा-खायचं, अन् जो पास झाला त्याले पट्टीवरच्याच बंबावर नोकरी. आमच्या तांड्यातून पाच झण निवडल्या गेले. त्यात पोरगी एकच, आमची वर्षा. निवडीसाठी रेतीची गोणी खांद्यावर घेऊन पळायचं होतं. वर्षा कापसाची गाठोडी वाहून वाहून तयार होती, दोन पोरायले मांग टाकून आली.

बा तेव्हा काही बोलला नव्हता. बारावी होऊन दोन वर्षं ती घरी होती. दिग्रसकडचं एक स्थळ सांगून आलं होतं, त्यायले बानं दिवाळीपर्यंत थांबा म्हटलं होतं. याडीले मात्र त्यानं सरळ सांगतलं, हे जमलं तर जमलं, नाही तर दिवाळीनंतर लगन. वर्षानं ते ऐकलं होतं. मी बी ऐकलं होतं.

बुटाचं माप घ्यायले ताई स्वतः आलत्या. कागदावर पाय ठेवायचा अन् त्या भोवती पेन फिरवत. वर्षाचा पाय कागदावर उमटला, मातीचा. ती लाजून नळावर गेली, पाय घासून घासून धुवून आली, मंग दुसरा कागद घेतला. तिचा पाय लहान. ताई म्हणे एवढ्या मापाचे बूट मुद्दाम मागवा लागन.

तर ते बूट आले. बूट, टोप्या म्हणजे ते जड हेल्मेट, जाकिटं, हातमोजे, बॅटऱ्या, बॅगा, पाण्याच्या बाटल्या. पाच झणायचं सामान. ते डब्याच्या गाडीत आलं. ड्रायव्हरले पुढे डबे वाटायचे होते, त्यानं खोकी नायकाच्या ओट्यावर उतरवली, म्हणे पट्टीवाल्यायनं तांड्याले पाठोलं आहे, अन् गेला.

अन् नायकानं ते वाटून टाकलं.

हे बाहेरच्या माणसाले बह्याडपणा वाटन. आमच्यात तांड्याच्या नावानं जे आलं ते घरोघर वाटल्या जाते. बोकड कापला तरी तसंच. घर तेवढे ढीग लावायचे, लहान मोठा नाही. मंग एक झण ढिगाकडे पाठ करून बसते. नायक ढिगावर काठी ठेवते अन् इचारते, हा कोणाचा? पाठ केलेला माणूस घराचं नाव घेते. त्याले काय दिसत नाही म्हणून कोणाची तक्रार नाही. त्या दिवशी नायकाच्या मायले बसवलं. तिले पाठ करायची बी गरज नव्हती, पण केली.

आम्ही सांजच्याले घरी आलो तर दारात एक पाण्याची बाटली ठेवलेली. निळी. शेजारची बुढी म्हणे, तुमचा वाटा. विमानवाल्यायनं पाठोला.

याडी खुश झाली. वर्षानं बाटली हातात घेतली, फिरवून पाह्यली, त्यावर विमान होतं. ती चिखलाच्या पायानंच नायकाच्या घराकडे निंघाली. मी मांग.

रस्त्यात सामान दिसत चाललं. एकाच्या दाव्याले बॅटरी टांगलेली. एक बुढा जाकीट घालून बाजेवर बसला होता, उतरत्या उन्हात चमकत. कोणाच्या पोरानं हातमोजे घालून कुत्र्याले धरलं होतं. नायकाच्या ओट्यापाशी बाकीचे चार पोरं आधीच उभे होते. सुनील सगळ्यात तापलेला. म्हणे आमचं नाव घेऊन आलेलं सामान तुमी बिड्यावाणी वाटून देलं.

नायक शांत माणूस आहे. त्यानं सुपारी कातरणं थांबवलं नाही.

"कुरण कोणाचं होतं?" तो म्हणे. "पाच झणायचं होतं का सगळ्यायचं?"

"सगळ्यायचं," सुनील म्हणे.

"मंग पट्टीवाल्याचं देणं पाच झणायचं कसं होईन?"

सुनीलचा बाप बी तिथं होता, त्यानं सुद्धा मान हलवली.

वर्षानं फक्त एक इचारलं. लहान बूट कोणाच्या घरी गेले.

नायकानं अडकित्ता खाली ठेवला. "भावसिंगच्या," तो म्हणे.

मी त्याले म्हटलं का नायक, तुमी सांगून द्या ना त्यायले, वापस करा म्हणून. तो म्हणे वाटा एकदा नाव घेऊन देला का तो मी बी मागू शकत नाही, माह्या बापानं बी मागितला नसता. देणाऱ्याच्या मनात असन तर तो देईन. त्याच्यात नायक येत नाही.

वर्षानं तिथंच उभं राहून ताईले फोन लावला. ताई म्हणाल्या का चूक माही आहे, मी नायकाले आधी भेटाले पाहिजे होतं. पण दुसरे बूट आता येणार नाहीत. सोमवारी सगळ्यायले आत घेणार आहे, अन् तिथला शिकवणारा बिना बुटाच्या माणसाले बंबाजवळ उभं करत नाही, तो त्याचा नियम आहे अन् बरोबर आहे. वर्षाच्या मांग दुसऱ्या गावची एक पोरगी नाव लागायची वाट पाहून राह्यली. फोन स्पीकरवर होता. सगळ्यायनं ऐकलं.

बाकीच्यायचं जमलं. दोन दिवसात चारही पोरायनं घरोघर फिरून आपलं आपलं गोळा केलं. कोणी कोंबडी देली, कोणी एक दिवस निंदून देतो म्हटलं. वर्षाचं जाकीट, टोपी, बाकीचं सामान मी आणलं, त्यासाठी दोन घरच्या डवऱ्यामांग चाललो. सुनीलचं हेल्मेट त्याच्या मावशीकडे निंघालं अन् त्यात खुडूक कोंबडी अंड्यावर बसलती. मावशी म्हणे पिल्लं निंघू दे, मंग ने. शेवटी सुनीलनं टोपल्यात भुसा टाकून कोंबडीले उचलून ठेवलं. तिनं त्याच्या मनगटावर दोन ठिकाणी चोचीनं फोडलं. हसू हसू पोट दुखलं लोकायचं.

आमच्या घरी कोणी हसत नव्हतं. बानं सांगून टाकलं का भावसिंगच्या दारात मी जात नाही. धुरा खाल्ला अन् वरून मी त्याले हात जोडू? याडी म्हणे मी जातो. बा म्हणे तू गेली मंजे मीच गेलो.

बूट कुठं आहे हे तर वावरातूनच दिसत होतं. बिजलीबाई ते घालून निंदत होती. काळे, घोट्याच्या वर, पुढून जाड. लुगडं वर खोचलेलं अन् पायात ते बूट. तिचं माप वर्षाएवढंच निंघालं. सगळा तांडा अनवाणी नाही तर चपलावर, अन् ती बुटात. बा तिकडे पाठ करून डवरा हाके. वळताना तोंड करा लागे, तेव्हा खाली पाहे.

शनिवारी सकाळी वर्षा तासात बसली होती ती उठली. इळा घेतला. त्या गवतानं भरलेल्या दोन तासातून चालत गेली अन् धुरा ओलांडला. बा डवरा थांबवून पाहत राह्यला. त्यानं हाक नाही मारली. मी पाण्याचा डबा घेतला अन् तिच्या मांग गेलो, नाही तर मले काही ऐकू आलं नसतं.

वर्षा बिजलीबाईच्या शेजारच्या तासात बसली अन् निंदायले लागली. बिजलीबाईनं पाह्यलं. दोघी सारख्या पुढे सरकत होत्या. एक तास संपलं, दुसरं धरलं. उन्हानं चिखल तापला, वाफ निंघत होती. मी बी बसलो मंग, उभं राहून काय करू.

दुपार होत आली तशी बिजलीबाई बोलली.

"तुह्या बानं पाठोलं का?"

"नाही काकी. मीच आली."

"बूट पाहिजे."

"हो."

बिजलीबाई धुऱ्यावर बसली अन् एक बूट काढला. मोजे नव्हते. पाय पाहून मीच तोंड फिरवलं. बोटाच्या मधात सगळं पांढरं, चिरलेलं, मधातून लाल. चिखल्या आमच्याकडे सगळ्यायले होते, पण असे नाही पाह्यले. ती म्हणे महिना झाला, रात्री उभं राहवत नाही. एरंडीचं तेल लावलं, मेंदी लावली. हे बूट आले तेव्हापासून पाय पयल्यांदा कोरडा राह्यला. भावसिंग म्हणे देवानं पाठोले.

वर्षा त्या पायाकडे पाहतच राह्यली. मले वाटलं आता ही उठून माघारी चालली.

"सोमवारी नाही गेली तर काय होते?" बिजलीबाईनं इचारलं.

"दुसरी जाते माह्या जागी."

"अन् तू?"

"दिग्रसले. दिवाळीनंतर."

बिजलीबाईनं पाय पुन्हा बुटात घातला. तिलेही त्याच वयात लगन करून आणलं होतं भावसिंगनं, फुलसावंगीकडून. ते ती बोलली नाही, मले माहीत आहे म्हणून सांगतो.

"छोरी, मी देईन," ती म्हणे. "पण वाटा माहा नाही, घराचा आहे. घरानं घराले मागावं लागते. तू लेकरू आहे. तुह्या बाले म्हण, ये अन् माग."

"तो येत नाही काकी."

"मंग मी बी काय करू."

सांजच्याले वर्षानं बाले हे सगळं सांगतलं, पाय कसे आहे ते बी. बा जेवत होता. भाकर मोडून तशीच ताटात ठेवली. मंग म्हणे, ते बाई धुऱ्याचं बोलली का? वर्षा नाही म्हणाली. बा म्हणे, मंजे उद्या बोलन. बूट हातात धरून धुरा मागन. याडी चुलीपासून म्हणे, मागितला तर मागितला, दोन तासं आहे, पोरगी एक आहे. बा उठून हात धुवायले गेला अन् बराच वेळ आला नाही.

रविवारी वावराले सुट्टी नसते. आम्ही गेलो. बानं बैलं जुंपली, दोन चकरा मारल्या, अन् मधातच डवरा उभा करून धुऱ्याकडे निंघाला. सरळ नाही गेला. पयले नाल्याकडे गेला, तिथं हातपाय धुतले, मंग धुऱ्याधुऱ्यानं आला. पलीकडून भावसिंग आला. दोघं त्या गवताच्या दोन तासाच्या दोन अंगाले उभे राह्यले. धुऱ्याचं भांडण झाल्यापासून एवढे जवळ नव्हते आले.

"राम राम," बा म्हणे.

"राम राम."

भावसिंगनं तंबाखू काढली, मळली. बाले नाही देली. आमच्यात तंबाखू मळून समोरच्याले न देणं मंजे तोंडावर दार लावणं. बानं ते पाह्यलं अन् उभा राह्यला.

"पोरीचे बूट पाहिजे होते," बा म्हणे.

"कोणाचे?"

बाच्या कानाची पाळी लाल झालती.

"तुमच्या वाट्याचे," तो म्हणे. "पोरीले पाहिजे होते. मागून राह्यलो."

भावसिंगनं मांग पाह्यलं. बिजलीबाई खाली बसून बूट काढूनच राह्यली होती. मले वाटलं आता भावसिंग धुऱ्याचं काढते. बालेही वाटलं असन, तो त्या दोन तासाकडे पाहत होता. पण भावसिंग बोलायच्या आधी बिजलीबाई उठली. डबक्यात बूट बुडवले, हातानं चिखल काढला, पदरानं पुसले. लंगडत आली अन् धुऱ्यावर ठेवले, बाच्या अंगाले बुटाचं तोंड करून.

"पोरीले म्हणा," ती बाकडे न पाहता म्हणे, "कोणी इचारलं तर सांगजो, कोणं देले."

बानं बूट उचलले. मंग त्यानं एक केलं, जे त्यानं आधी ठरवलं होतं का नाही मले माहीत नाही. आपल्या पायातल्या चपला काढल्या. टायरच्या, मागच्याच महिन्यात दारव्ह्याच्या बाजारातून आणल्या होत्या. बूट जिथं ठेवले होते तिथं ठेवल्या. भावसिंग म्हणे, हे कायले. बा म्हणे, वाट्याले वाटा. अन् अनवाणी परत आला.

त्या चपला बिजलीबाईच्या पायाले मोठ्याच होत्या.

सोमवारी पट्टीवर कार्यक्रम होता. मंडप, खुर्च्या, सतरंजी, पेढे. आजूबाजूच्या गावचे सगळे पोरं-पोरी अन् त्यायचे मायबाप. पट्टीचे साहेब आलते, सफेद शर्टात, चांगला माणूस, सगळ्या बुढ्यायले स्वतः पाणी देत होता. त्यायनं सांगतलं का कंपनीले नुसतं विमान उतरवायचं नाही, इथल्या पोरायले उभं करायचं आहे, अन् संस्थेचा डबा पुढच्या वर्षी आणखी दोन गावात जाईन. लोकायनं टाळ्या वाजवल्या. आमच्या नायकानंही. डब्याच्या बोलण्यावर त्याच्या मायनं लय वेळ वाजवल्या, तिले थांबवा लागलं.

बा सगळ्यात मांग बसला होता. पाय खुर्चीखाली ओढून घेतलेले.

मंग प्रत्येकानं मायकावर येऊन नाव सांगायचं अन् दोन शब्द बोलायचे होते. ताईनं पोरायले आधीच शिकवून ठेवलं होतं, मी अमुक, कंपनीनं मले ही संधी देली, आभारी आहे. सुनीलनं तसंच म्हटलं, मनगटाले पट्टी बांधून.

वर्षा आली. जाकीट, टोपी, काळे बूट. बुटाले मी सकाळी खोबरेल तेल चोळलं होतं, चमकत होते. तिनं नाव सांगतलं. तांड्याचं नाव सांगतलं. कंपनीचे अन् ताईचे आभार मानले. मंग थांबली. ताई खालून मान हलवून राह्यल्या, झालं, झालं म्हणून.

"बूट," वर्षा म्हणाली, "बिजलीकाकीनं देले. भावसिंगकाकाच्या घरून."

साहेबाले काही समजलं नाही. त्यायनं ताईकडे पाह्यलं. ताई म्हणाल्या का नंतर सांगतो. आमच्या तांड्याकडच्या खुर्च्यावर मात्र गडबड झाली, कोणीतरी हसलं, कोणीतरी टाळी वाजवली, मंग सगळ्यायनं वाजवली. बिजलीबाई आलीच नव्हती. तिच्यानं चालवत नव्हतं. भावसिंग कडेले उभा होता. त्यानं टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला अन् पुन्हा घातली.

आम्ही बस नाही धरली, कुंपणाच्या कडेकडेनं पायीच आलो. बा सगळ्या रस्त्यात एकच बोलला. म्हणे, मायकावर त्या घराचं नाव घेतलं पोरीनं. याडी म्हणे, त्यायचेच होते. बा म्हणे, मी कुठं नाही म्हटलं.

मंगळवारी सकाळी वावरात गेलो. वर्षा नव्हती तर तासात याडी एकटीच. मी इळा घेऊन नेहमीच्या जागी, नाल्याच्या अंगाले बसायले गेलो. बैलं जुंपता जुंपता बानं मान वर केली. भावसिंगच्या वावरात आज कोणी नव्हतं. बिजलीबाईचं अर्धं निंदलेलं तास तसंच पडलं होतं, अन् तिच्या वावराच्या अर्ध्यात गवत पऱ्हाटीच्या वर.

"आज तिकडून धरा," बा म्हणे.

"कुठून?" मी इचारलं.

त्यानं हातातल्या, बैलं हाकायच्या तुतारीनं दाखवलं. धुऱ्याकडे नाही. धुऱ्याच्या पलीकडे.

याडीनं पदर खोचला अन् पयले तीच ओलांडून गेली.